पॅरा (स्पेशल फोर्सेस): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरतीची तयारी करणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि नुसतंच कुतूहल असलेले वाचक आम्हाला पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नाला लागून आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. पलटणींची सध्याची ठिकाणं, संख्याबळ किंवा चालू मोहिमा याबद्दलचे प्रश्न मुद्दाम घेतलेले नाहीत.

१. पॅरा एसएफ म्हणजे काय? पॅरा कमांडो तेच का?

हो, पलटणी त्याच. बदललं ते नाव. भारतीय लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये दोन प्रकारच्या पलटणी आहेत. एक साध्या पॅरा, म्हणजे हवाई छत्रीनं उतरून लढणारं पायदळ. दुसऱ्या पॅरा (स्पेशल फोर्सेस), थोडक्यात पॅरा एसएफ. या दुसऱ्या पलटणींना आधी ‘पॅरा कमांडो’ म्हणत. १९९० च्या दशकात अधिकृत नाव ‘स्पेशल फोर्सेस’ झालं, पण गावाकडे आणि वर्तमानपत्रांत ‘पॅरा कमांडो’ अजून सुटलेलं नाही. १, २, ३, ४, ९, १०, ११, १२ आणि २१ पॅरा या एसएफ पलटणी आहेत. ५, ६, ७ पॅरा हवाई पायदळाच्या.

२. मरून बेरे घातलेला प्रत्येक जवान कमांडो असतो का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मरून बेरे, म्हणजे ती तपकिरी-लाल गोल टोपी, साध्या पॅरा पलटणींचीही असते. ५० पॅराशूट ब्रिगेडबरोबर काम करणारे इंजिनियर, तोफखाना, सिग्नल, वैद्यकीय पथक यांतले छत्रीधारी जवानही तीच घालतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची ४११ पॅरा फील्ड कंपनी हे आपल्या जवळचं उदाहरण. त्यात भर म्हणजे नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड यांची बेरेही मरूनच.

ओळखायचं ते ‘बलिदान’ बिल्ल्यावरून. पातं खाली केलेला खंजीर, त्यावर वर उठलेले पंख आणि पात्यावरच्या पट्टीत देवनागरीत ‘बलिदान’. हा चंदेरी बिल्ला फक्त एसएफचा. छातीवरचे छत्रीचे पंख मात्र उडीचा मूलभूत कोर्स पूर्ण केलेल्या कुणालाही मिळतात. त्यामुळे नुसते पंख पाहून ‘कमांडो’ म्हणू नये.

३. त्यांचं काम नेमकं काय? सिनेमात दाखवतात तसं दार फोडून आत शिरणं?

तो एक छोटा भाग. मूळ काम शत्रूच्या हद्दीत खोल जाऊन तिथे टिकून राहण्याचं आहे. तोफा, रडार, पूल, दारूगोळ्याचे साठे, मुख्यालयं कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहायचं, कळवायचं, विमानांना किंवा तोफखान्याला लक्ष्य दाखवायचं आणि गरज पडली तर स्वतः उडवून परत यायचं. काश्मीर आणि ईशान्येत गेली तीसेक वर्षं दहशतवादविरोधी कारवायांचा भार त्यांच्यावर आहे, म्हणून लोकांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र येतं.

साध्या पायदळाच्या पलटणीत कंपन्या असतात, एसएफमध्ये ‘टीम’. टीम फुटून लहान ‘स्क्वाड’ होतात, साधारण सहा जणांचे. त्यात कुणी स्फोटकांत पारंगत, कुणी रेडिओत, कुणी नेमबाजीत, कुणी जखमीवर जागेवर उपचार करण्यात. प्रत्येकाला स्वतःचं काम मुरलेलं आणि शेजाऱ्याचं काम भागवता येईल इतकं आलं पाहिजे, कारण सहातला एक पडला तर त्याचं कौशल्य त्याच्याबरोबर जाऊन चालत नाही.

४. एनएसजी, मार्कोस, गरुड, फोर्स वन, सी-६० या सगळ्यांत फरक काय?

मालक आणि मैदान, दोन्ही वेगळे. मार्कोस (१९८७) नौदलाचे, समुद्र आणि किनारा त्यांचा. गरुड (२००४) हवाई दलाचे. एनएसजी म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक. स्थापना १९८४ ची, कायदा १९८६ चा. ते केंद्रीय गृह मंत्रालयाखाली येतं आणि अपहरण, ओलीसनाट्य, शहरातला हल्ला हे त्याचं काम. फोर्स वन हे महाराष्ट्र पोलिसांचं पथक, २६/११ नंतर उभं राहिलेलं. सी-६० गडचिरोली पोलिसांचं, १९९० पासूनचं, नक्षलविरोधी.

एनएसजीत थेट भरती नसते, हे अनेकांना ठाऊक नसतं. तिच्या कारवाई करणाऱ्या गटात सगळे लष्कराचे जवान आणि अधिकारी ठरावीक काळासाठी प्रतिनियुक्तीवर येतात आणि मग आपल्या पलटणीत परततात. २६/११ ला ताजमध्ये हुतात्मा झालेले मेजर संदीप उन्नीकृष्णन मूळचे बिहार रेजिमेंटचे होते. म्हणजे एनएसजीचा रस्ता आधी लष्करातून जातो.

५. याची सुरुवात कधी झाली?

भारतातली छत्रीदलं त्याहून जुनी आहेत. ५० पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिली आणि आजची पॅराशूट रेजिमेंट १५ एप्रिल १९५२ ला तीन पलटणी एकत्र करून बनली.

कमांडोंचा धागा १९६५ च्या युद्धातला. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे मेजर मेघ सिंग यांनी वेगवेगळ्या पलटणींतले स्वयंसेवक गोळा करून एक छोटं दल बनवलं आणि युद्धबंदी रेषेपलीकडे (आजची ताबारेषा) छापे घातले. ती ‘मेघदूत फोर्स’. प्रयोग इतका जमला की १ जुलै १९६६ ला ९ पॅरा कमांडो ही स्वतंत्र पलटण उभी केली. १९६७ मध्ये तिच्यातूनच १० पॅरा कमांडो निघाली. वाटणी सरळ होती: ९ डोंगरासाठी, १० वाळवंटासाठी. १९७८ मध्ये १ पॅरालाही कमांडो पलटण केलं गेलं.

१९७१ मध्ये दोघींनी आपापल्या मैदानात वाटणी योग्य होती हे दाखवलं. १० पॅरानं जयपूरचे लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग यांच्या नेतृत्वाखाली वाळवंटातून जीपनं सिंधमध्ये खोल शिरून छाछरो घेतलं. भवानी सिंग यांना महावीर चक्र मिळालं. ९ पॅराची माणसं १३-१४ डिसेंबरच्या रात्री पूंछकडून मंढोलला गेली आणि तिथल्या १२२ मिलिमीटरच्या सहा पाकिस्तानी तोफा स्फोटकं लावून उडवून आली. तोफ उडवायची म्हणजे नळीत आणि ब्रीचमध्ये (नळीच्या मागच्या टोकात) स्फोटक बसवायचं. नुसता हातबॉम्ब टाकून पोलादाला ओरखडा पडतो, तोफ दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू.

६. टांगाईलला उतरलेले मराठे कमांडो होते का?

मराठे होते, कमांडो नव्हते. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला छत्रीनं उतरलेली २ पॅरा त्या वेळी साधी छत्रीधारी पलटण होती. तिचं आधीचं नाव ३ मराठा लाइट इन्फंट्री (पॅरा). १९४८ मध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधून नौशेरा-झंगडला लढलेली हीच. १९५२ मध्ये ती २ पॅरा (मराठा) झाली.

लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या हाताखाली सुमारे ७०० जण तोफा आणि जीपसकट उतरले. काम होतं लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचं, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडकेल. माणसं पसरून उतरली, काही सामान तळ्यांत पडलं, तरी पूल हाती आला. जमालपूरकडून खाली येणाऱ्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये १ मराठा लाइट इन्फंट्री होती. म्हणजे पुलावर भेटल्या त्या दोन्ही पलटणी मुळात मराठा. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय तुकड्यांत २ पॅरा होती. ती एसएफ झाली पुढे कित्येक वर्षांनी.

७. मग ‘मराठ्यांची एसएफ पलटण’ म्हणतात ती कोणती?

२१ पॅरा. १९८५ मध्ये २१ मराठा लाइट इन्फंट्री म्हणून उभी राहिली आणि १९९६ मध्ये संपूर्ण पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये २१ पॅरा (एसएफ) म्हणून गेली. मैदान मुख्यतः ईशान्येचं जंगल. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेलमध्ये लष्करी ताफ्यावर हल्ला होऊन १८ जवान गेले, त्यानंतर म्यानमार सीमेपलीकडच्या तळांवर झालेली कारवाई याच पलटणीनं केली.

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅराचेच. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना ते हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं.

आज कुठलीही एसएफ पलटण एका जातीची किंवा प्रांताची नाही. स्वयंसेवक सगळीकडून येतात.

८. नेहमी यशाच्याच गोष्टी सांगता. फसलेल्या मोहिमा नाहीत का?

आहेत, आणि शिकायला त्याच जास्त उपयोगी. ११-१२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री १० पॅरा कमांडोची तुकडी आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान हेलिकॉप्टरनं श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरले. उद्देश एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचं नेतृत्व पकडायचा. एलटीटीईनं रेडिओवरचं बोलणं आधीच ऐकलं होतं आणि ते मैदानाभोवती वाट पाहत बसले होते. मारा इतका झाला की पुढच्या फेऱ्या येऊच शकल्या नाहीत. शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांच्या प्लाटूनमधला एकच जगला, तोही कैदी म्हणून. कमांडो घराघरांतून लढत राहिले आणि रेल्वेमार्गानं पोहोचलेल्या रणगाड्यांच्या मदतीनं बाहेर निघाले. फसण्याची कारणं मोजता येतात: उघडं बोललेला रेडिओ, जुने नकाशे, उतरायला एकच मोकळी जागा आणि शत्रूला ती माहीत.

४ डिसेंबर २०२१ ला नागालँडच्या ओटिंगजवळ २१ पॅराच्या सापळ्यात कोळसा खाणीतून घरी परतणारे सहा मजूर मारले गेले. गाडी चुकीची ओळखली गेली. त्यानंतरच्या हिंसाचारात आणखी माणसं गेली. चुकीच्या खबरीवर बसलेला सापळा काय करू शकतो याचं हे उदाहरण आहे, आणि ते झाकण्यात कुणाचंच भलं नाही.

९. थेट पॅरा एसएफमध्ये भरती होता येतं का?

‘पॅरा एसएफ भरती’ अशी वेगळी जाहिरात निघत नाही. शिपायासाठी रस्ते दोन आहेत.

पहिला: नेहमीच्या लष्कर भरतीतून अग्निवीर व्हायचं आणि पॅरासाठी स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं. निवड झाली की प्रशिक्षण बेंगळुरूच्या पॅराशूट रेजिमेंट ट्रेनिंग सेंटरमध्ये. दुसरा: कुठल्याही रेजिमेंटमध्ये नोकरी करत असताना कमांडिंग ऑफिसरमार्फत अर्ज करून प्रोबेशनला, म्हणजे निवडीच्या चाचणी-काळाला, जायचं (प्रश्न ११).

भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. जनरल ड्यूटीला दहावी, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३. महाराष्ट्रासाठी उंची १६८ सेंटिमीटर. मैदानात १.६ किलोमीटर धावणं, पुलअप (१० काढले की पूर्ण ४० गुण), ९ फुटांचा खड्डा आणि नागमोडी तोल. वय आणि धावण्याच्या वेळेचे गट अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून ते त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा. मित्राच्या मोबाइलवरचा जुना तक्ता बघून तयारी करू नका. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी भरती कार्यालयं आहेत. गोव्याची मुलं कोल्हापूर कार्यालयाखाली येतात.

अग्निवीराची मुदत चार वर्षं, त्यात प्रशिक्षण धरून. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. एसएफचा जवान घडायला लागणारा वेळ पाहता हे गणित घरात आधीच बोलून घ्यावं.

१०. अधिकारी म्हणून जायचं असेल तर?

एनडीए (खडकवासला), आयएमए (डेहराडून) किंवा ओटीए (चेन्नई) या लष्करी अकादमींपैकी कुठूनही. अकादमीत असतानाच पॅरा एसएफ ही पसंती देता येते. कमिशन मिळालं की त्या पलटणीत प्रोबेशनला हजर व्हायचं. तिथे अधिकाऱ्याला सूट नाही. उलट जवानांबरोबर तेच सगळं करून वर त्यांचं नेतृत्वही करायचं असतं आणि रात्री बाकीचे आडवे झाले की उद्याचा आराखडा लिहायचा असतो. नापास झाला तर दुसऱ्या रेजिमेंटमध्ये जातो, नोकरी जात नाही. शाळकरी मुलांसाठी सातारा सैनिक स्कूल आणि संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट हे महाराष्ट्रातले जुने, भरवशाचे मार्ग.

११. प्रोबेशनमध्ये नक्की काय करून घेतात?

साध्या पॅरासाठी साधारण तीन महिने, एसएफसाठी सहा महिने. दिवसागणिक वेळापत्रक पलटणीनुसार बदलतं, पण घटक तेच:

वजन आणि हत्यार घेऊन स्पीड मार्च, १० किलोमीटरपासून वाढत ४० पर्यंत. दिवसा आणि रात्री नकाशा-होकायंत्रावर एकट्यानं वाट काढणं. पोहणं. गोळीबार, तोही दमून हात थरथरत असताना. स्फोटकं, रेडिओ, प्रथमोपचार. मध्येच ‘रगडा’: पिठ्ठू (पाठीवरची पिशवी) उचल, चिखलात लोळ, पुन्हा उचल. आणि एक दीर्घ ताणाचा टप्पा, ज्यात झोप जवळजवळ नाही, खाणं तुटपुंजं, आणि मध्येच उस्ताद थांबवून साधा प्रश्न विचारतात: मघाच्या पुलाला खांब किती होते? रायफलचे सुटे भाग अंधारात जुळव. बेरजा कर.

हा शेवटचा भाग समजून घ्या. तिथे पाहायचं असतं की तिसऱ्या रात्री डोकं चालतं का, आणि शेजारच्याचं ओझं घेताना चिडचिड होते का. ताकद त्यांनी आधीच पाहिलेली असते. बरोबरचे साथीदार काय म्हणतात यालाही वजन आहे. एकटा पुढे पळणारा ‘हिरो’ बऱ्याचदा इथे गळतो.

१२. मुलं बाद कशामुळे होतात? घरी तयारी कशी करावी?

बहुतेक जण पायांमुळे आणि झोपेमुळे. स्नायूंचा नंबर नंतर. यूट्यूबवर दंडबैठकांच्या व्हिडिओंचा पाऊस पडतो, टाचेवरच्या फोडाबद्दल कुणी बोलत नाही.

फोड घर्षण आणि ओलाव्यानं येतात. नवे बूट घालून लांब मार्च कधीच नाही. महिनाभर रोज घालून ते पायाच्या आकाराचे करून घ्या. आत पातळ नायलॉनचा मोजा, वर जाड मोजा, म्हणजे घासणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर नाही. नखं सरळ कापा, कडा गोल केल्या की बोटात रुततात. दर तासाच्या थांब्यावर मोजा बदला. जागा गरम लागायला लागली की तिथे लगेच चिकटपट्टी लावा. फोड दिसायची वाट पाहिली तर उशीर झाला.

वजन हळूहळू. सुरुवात ८-१० किलो आणि ५ किलोमीटर, आठवड्यातून एकदा. दर दोन आठवड्यांनी २ किलो वाढवा, किंवा अंतर वाढवा. दोन्ही एकाच वेळी नको. वजन घेऊन पळू नका, झपाझप चाला. पिठ्ठूतली जड वस्तू वरच्या बाजूला आणि पाठीला चिकटून ठेवा. खाली लोंबली की माणूस पुढे वाकतो आणि कंबर धरते. नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबून कळ येत असेल तर तो स्नायू नाही, हाडाला बारीक चीर पडते आहे. तेव्हा थांबा आणि डॉक्टर गाठा. ती सहन करत चाललेली मुलं सहा आठवड्यांऐवजी सहा महिने घरी बसतात.

पाणी: उन्हात लांब चालताना नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ. मीठ-साखर घातलेलं पाणी घोटघोट घ्या. लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायू फाटून मूत्रपिंडावर भार येतोय. तिथे हट्ट नको, थेट दवाखाना.

आणि पोहणं. विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांना वाटतं येतं. कपडे आणि बूट घालून २५ मीटर पोहून पाहा, पण कुणीतरी काठावर असतानाच.

१३. छत्रीनं उडी मारायला कुठे आणि कसं शिकवतात?

आग्र्याला, हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. आधी जमिनीवर: विमानाच्या सांगाड्यातून बाहेर पडणं, हार्नेसमध्ये लटकून छत्री वळवणं आणि शेकडो वेळा लोळण. मग मलपुरा ड्रॉप झोनवर पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. पाचवी झाली की पंख.

या उडीत जवान काहीच ओढत नाही. छत्रीची ‘स्टॅटिक लाइन’ विमानातल्या तारेला अडकवलेली असते. तो बाहेर पडला की तीच छत्री खेचून उघडते. उंची साधारण १२५० फूट. हिरवा दिवा, जंप मास्टरचा ‘गो’, एकामागून एक. हनुवटी छातीला, कोपरं बरगड्यांना, पाय जुळलेले. चार सेकंद मोजायचे आणि वर पाहायचं. घुमट गोल, पूर्ण, फाटका नाही याची खात्री करायची. पाय फाकवून किंवा आळसानं बाहेर पडलं की विमानाचा वारा शरीर फिरवतो आणि दोऱ्यांना पीळ बसतो. तेव्हा मागचे पट्टे दोन हातांनी फाकवून सायकल मारल्यासारखे पाय हलवायचे.

गोल छत्री साधारण सेकंदाला ५ मीटर वेगानं उतरते, म्हणजे जमिनीचा दणका सव्वा मीटर उंच ओट्यावरून उडी मारल्याएवढा. वर पिठ्ठू आणि हत्यार. म्हणून घोटे-गुडघे चिकटलेले, गुडघे थोडे वाकलेले, आणि टेकताच कुशीवर लोळायचं: चवडा, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची कड. घोटा मोडतो तो जमीन जवळ दिसताच एक पाय पुढे काढणाऱ्याचा. टेकल्यावर खालच्या दोऱ्या ओढून घुमट पाडायचा, नाहीतर वारा शेतातून फरफटत नेतो.

१४. छत्री उघडलीच नाही तर?

छातीवर दुसरी, राखीव छत्री असते. घुमट पिळून वातीसारखा झाला, दोरी घुमटावरून गेली, किंवा शेजारच्यांपेक्षा आपण भराभर खाली जातोय असं दिसलं की ती ओढायची. विचार करायला वेळ नसतो, कारण १२५० फुटांवरून सगळा प्रवास मिनिटभराचा. म्हणूनच वर पाहायची सवय इतकी घटवतात (प्रश्न १३).

१५. बलिदान बिल्ला मिळाला की शिक्षण संपलं?

तिथून सुरू होतं. हिमाचलमधल्या स्पेशल फोर्सेस ट्रेनिंग स्कूलमध्ये पुढचे कोर्स, मिझोरममधल्या वैरेंगटेला जंगलयुद्ध, गुलमर्गच्या हाय आल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये बर्फ आणि कडे, कोचीला नौदलाकडे पाण्याखालचं काम. काही जण ‘कॉम्बॅट फ्री फॉल’ करतात. विमान इतक्या उंचीवर असतं की ऑक्सिजन मुखवटा लागतो, आणि उडीआधी काही काळ शुद्ध ऑक्सिजन ओढून रक्तातला नायट्रोजन काढून टाकावा लागतो. नाहीतर सांध्यांत बुडबुडे धरतात. इथे छत्री स्वतः उघडायची असते, चौकोनी, वळवता येणारी. स्क्वाडमधला वैद्यकीय माणूस ‘बीएफएनए’ हा रणांगणावरच्या शुश्रूषेचा कोर्स करतो, भाषांचे कोर्स असतात. एक पूर्ण तयार जवान व्हायला वर्षं जातात, महिने नाही.

१६. माझा भाऊ बेळगावला कमांडो कोर्स करून आला. तो पॅरा कमांडो झाला का?

नाही, पण त्यानं केलेलं सोपं नव्हे. बेळगावच्या कमांडो विंगमध्ये पायदळाचे तरुण अधिकारी आणि एनसीओ (नाईक-हवालदार) कोर्स करतात, आणि आपल्याच पलटणीच्या ‘घातक’ प्लाटूनमध्ये ते कौशल्य वापरतात. घातक प्लाटून हा पलटणीचा छापा मारणारा हात. कमांडो खंजिराचा बिल्ला आणि ‘बलिदान’ बिल्ला वेगळे. बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं आपल्याकडे या गैरसमजाला भरपूर खतपाणी मिळतं.

१७. प्रोबेशनमध्ये नापास झालो तर?

दुसऱ्या रेजिमेंटमधून आलेला मूळ पलटणीत परत, लष्करी भाषेत ‘आरटीयू’. नोकरी, पगार, ज्येष्ठता शाबूत. दुखापतीमुळे थांबलेल्याला पुन्हा संधी मिळू शकते. स्वतःहून सोडलेल्याची गोष्ट वेगळी. परत गेलेल्यांना हिणवायची पद्धत नाही, आणि त्यांतले बरेच आपल्या पलटणीच्या घातकमध्ये उत्तम काम करतात (प्रश्न १६).

१८. बेरे मिळाल्यावर काच खातात हे खरं का?

रमचा ग्लास संपवून त्याची कड चावायची ही पलटणींतली जुनी रीत आहे आणि त्याबद्दल उघडपणे लिहिलं गेलं आहे. ती रीत आहे. परीक्षा नाही, अभ्यासक्रमही नाही. घरी ‘तयारी’ म्हणून करणाऱ्या महाभागांनी एवढंच लक्षात घ्यावं की फुटलेली कड आतडं चिरू शकते.

१९. धोनी पॅरा कमांडो आहे का?

नाही. महेंद्रसिंग धोनीला २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला, १०६ पॅरा टीए पलटणीत. २०१५ मध्ये त्यानं आग्र्याला पाच उड्या पूर्ण केल्या, त्यामुळे पंख त्याचे स्वकष्टाचे. २०१९ च्या विश्वचषकात हातमोज्यांवर बलिदान चिन्ह दिसलं आणि आयसीसीनं ते काढायला लावलं. कारण नियमांत बसत नाही हे होतं, लष्कराबद्दल काही नव्हे. एसएफचं प्रोबेशन हा भाग यात कुठेच नाही.

२०. मुलींना जाता येतं का?

पॅरा एसएफच्या लढाऊ पलटणींत महिला नाहीत. छत्रीधारी वैद्यकीय पथकात मात्र महिला अधिकारी आहेत. ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानला गेलं तेव्हा त्यात महिला डॉक्टर होत्या. हेच पथक ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स या जुन्या नावानं कोरियन युद्धात होतं.

२१. टॅटू, सपाट तळवे?

सपाट तळवे, गुडघे एकमेकांना घासणं, रंगांधळेपणा यांवर भरतीतच बाद करतात. टॅटूला मर्यादित परवानगी आहे: हाताच्या आतल्या बाजूला धार्मिक चिन्ह किंवा नाव. दंडावर ‘बलिदान’ गोंदवून मैदानात उतरणारे दर वर्षी निघतात. तसं करू नका.

२२. बलिदान छापलेला टी-शर्ट घातला तर गुन्हा?

टी-शर्टनं कुणी तुम्हाला जवान समजत नाही. पण पूर्ण गणवेश, बेरे आणि बिल्ला घालून आपण सैनिक आहोत असं भासवणं भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. घरातलं कुणी एसएफमध्ये असेल तर त्याचा फोटो पलटणीच्या नावासकट किंवा ठिकाणासकट टाकू नका. रजेवर आल्याची तारीख, परत कोणत्या गाडीनं निघाला, हेही नको. जाफन्यात उघडा रेडिओ महागात पडला (प्रश्न ८), आज तेच काम गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं.

२३. एक अकादमी म्हणते, अडीच लाख द्या, पॅरामध्ये नाव लावतो.

कुणीही लावू शकत नाही. भरतीची यादी लेखी गुण, मैदान आणि वैद्यकीय तपासणीवर लागते. पॅराला जाणं हे त्यानंतर, लष्कराच्या आत ठरतं. अकादमीनं पळायला, गणित सोडवायला शिकवलं तर तिची फी द्या. हमी विकली तर पावती मागा. ती मिळत नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले ‘जमा’ करून ठेवतो म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. पैसे गेल्यानंतरची खरी भानगड कागद परत मिळवण्याची असते. कागद अडकले असतील तर पोलिसांत लेखी तक्रार करा आणि बोर्डाकडून दुय्यम प्रत काढायला लगेच अर्ज टाका.